घाटनांदूर रस्त्यावरचा ब्रंच

बीड जिल्ह्यात ब्रंच खाऊन आले, असं मी परत आल्यावर ऑफिसात सांगितलं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हसली आणि म्हणाली, "तिथे प्यायला पाणी तरी होतं का?" मला उत्तरं सुचतात, पण घरी पोचल्यावर. म्हणून हे घरी बसून लिहिते आहे. पाणी होतं. तांब्याच्या जगमध्ये, वाळा घातलेलं. बाकीचं आता सविस्तर सांगते.

शनिवार : केज

केजच्या बसस्टँडवर मामा जीप घेऊन आले होते. मामा एकेकाळी पंचायत समितीवर होते. निवडणूक सोडून बरीच वर्षं झाली, पण अजूनही स्टँडपासून जीपपर्यंतचं अंतर ते नमस्कार घेत घेतच चालतात. प्रत्येकाला त्यांनी माझी ओळख करून दिली. "ही आमची भाची. पुण्याला कंपनीत हाय. लई हुशार. फक्त बोलत न्हाई, बोललं की टॅक्स लागतो तिला."

मी हसले. पुण्यातल्या इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलीला मामाच्या गावी बोलायची भीती वाटते ती शब्द अडतात म्हणून नव्हे. आपण काहीही बोललो तरी त्याची संध्याकाळपर्यंत गावभर नक्कल होते, म्हणून.

स्टँडवरून आम्ही बाजारात रशीदचाचांच्या फळांच्या दुकानावर गेलो. दुसऱ्या दिवसाच्या ब्रंचसाठी सीताफळं घ्यायची होती. दसरा होऊन गेलेला, बालाघाटाच्या डोंगरावरची सीताफळं भरात आलेली. दुकानात क्रेटवर क्रेट लागले होते आणि तो गोड, जड वास रस्त्यापर्यंत येत होता. पुण्यात सीताफळ मी एकेक मोजून, दाबून, घाबरत घेते. इथे चाचांनी न विचारताच एक फोडून माझ्या हातावर ठेवलं.

"खा बेटी. पुण्याला पोचेपर्यंत त्याचं तोंड काळं होतंय."

मामा जीपमध्ये क्रेट चढवत म्हणाले, "रशीदभाई, उद्या अकराला वैशूच्या हॉटेलात यायचं. घरच्या सगळ्यांना घेऊन. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

वैशू म्हणजे त्यांची मुलगी, माझी मामेबहीण वैशूताई. तिनं हॉटेल मॅनेजमेंट केलं, पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत सहा वर्षं काढली आणि मागच्या वर्षी परत येऊन अंबाजोगाईच्या बाहेर, घाटनांदूरच्या रस्त्याला, मामांच्याच जमिनीवर स्वतःचं रेस्टॉरंट उघडलं. पाटीवर त्याचं नाव वेगळं आहे, पण तिकडे सगळे 'वैशूचं हॉटेल' म्हणतात. उद्या तिचा पहिला ब्रंच होता. अंबाजोगाईतल्या डॉक्टरमंडळींनी आठवडाभर आधीच टेबलं राखून ठेवली होती. उरलेली टेबलं भरायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं होतं.

भरायची त्यांची पद्धत मी त्या दिवशी पाहिली. केजपासून घाटनांदूरपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या दारात जीप थांबली, त्या प्रत्येकाला त्यांनी लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं बोलावलं. "सहकुटुंब या." "म्हातारीला ठिवून येऊ नगा." मेनू काय, ब्रंच म्हणजे काय, तिथे बिल येतं की नाही, यातलं अवाक्षर त्यांनी काढलं नाही. मला ते खटकलं.

जीपमध्ये मामा अचानक गंभीर झाले. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं होती, मधूनच मळणी यंत्राचा धुरळा. समोर बघत ते म्हणाले, "उद्या नामदेव मंडपवाला बी येतोय. लॉन मोजायला."

"कशासाठी?"

"तुळशीचं लग्न झालं की तारखा सुरू होतेत. पोरीला म्हणलोय, उद्या लोक जेवले, खूश होऊन गेले, तर तुझं तू चालव. पुन्यांदा मी तोंड उघडणार न्हाई. पण नुसते येऊन बसून गेले, तर मग मंगल कार्यालय करायचं. ते चालतंयच. तिनं मान्य केलंय."

वैशूताईनं मान्य केलं होतं, म्हणजे तिचा शब्द गेला होता. तिचं काचेमागचं स्वयंपाकघर, तिथे रांगेत टांगलेली तिची भांडी, हे सगळं उद्या दुपारी राहणार होतं किंवा आचाऱ्यांच्या भट्ट्यांना जागा करून देणार होतं.

शनिवार दुपार : कौसाकाकूंचं घर

घाटनांदूरच्या अलीकडे मामांचं गाव. तिथे भावकीतल्या कौसाकाकूंकडे जेवण होतं. कौसाकाकू सत्तरीच्या, कणखर. गावातल्या कुठल्याही कार्यात आमटीचं मीठ त्यांनी चाखल्याशिवाय पंगत बसत नाही.

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी, भुरका. भुरका म्हणजे तेलावर परतलेलं लाल तिखट. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांना फार आवडलं.

दुसऱ्या भाकरीनंतर मी 'नको' म्हटलं. भाकरी आली. पुन्हा 'नको' म्हटलं. भाकरीवर तूप आलं. आमच्या शाळेत शिकवलं होतं की नको असेल तर हसून एकदा सांगायचं, समोरचा लगेच थांबतो. लहानपणापासून या घरात माझं हसून सांगणं कुणी कधी ऐकलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला या आग्रहाचा थोडा रागच आहे.

"काकू, मी खरंच नको म्हणते आहे."

"मग हात कुठं हाय तुझा?" काकू म्हणाल्या. "ताटावर आडवा हात धर, मग आमाला कळंल. नुसतं तोंडानं कुणी बी म्हणतंय. पहिल्या नकोला माणूस लाजत असतंय."

मी ताटावर आडवा हात धरला. काकू लगेच थांबल्या. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार संध्याकाळ : धर्मापुरी

ऊन उतरल्यावर मामा मला धर्मापुरीला घेऊन गेले. जुनं दगडी देऊळ आहे. बाहेरच्या भिंतींवर नाचणाऱ्या, नटणाऱ्या, आरशात बघणाऱ्या बायका कोरल्या आहेत. एकीच्या पायातला दागिना मी किती तरी वेळ बघत राहिले. दगडात त्याची कडी न कडी सुटी दिसते. आम्ही दोघं आणि पारावर बसलेले दोन म्हातारे सोडले तर तिथे कुणी नव्हतं. तिकीट नाही, रांग नाही, सेल्फी नाही.

"एवढं आहे, आणि लोक येत का नाहीत?" मी विचारलं.

"कावून येतील? कुणी बोलावतंय का?" मामा म्हणाले. "तू आण की पुढच्या वेळेस तुझ्या कंपनीची."

त्यांनी एका मूर्तीच्या खांद्यावरची धूळ रुमालानं पुसली. घरातल्या कुणाची पुसावी तशी.

रविवार : घाटनांदूर रस्ता

पुण्यात मी ब्रंचला दोन-तीनदा गेले आहे. गावाबाहेर, धरणाच्या काठी, गाड्यांच्या रांगा लावून. तिथे जे मिळतं ते सगळं आणखी कुठल्या तरी गावचं असतं. म्हणून वैशूताईच्या टेबलावर काय होतं ते मुद्दाम सांगते. लांबलचक सागवानी टेबल, पांढरी भांडी. ज्वारीच्या पिठाचे वॅफल, वर खवा आणि सीताफळाचा गर. धपाट्यांचे छोटे गोल, त्यावर घट्ट दही. भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि घरी भाजलेला पाव. समोर करून द्यायची ऑम्लेटं. आणि लहान पांढऱ्या कपांतून येसर. येसर म्हणजे मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला करतात ती भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची आमटी. वैशूताईनं तिचं सूप केलं होतं. काचेच्या भिंतीपलीकडे हिरवं लॉन, त्याच्यापलीकडे तुरीचं रान आणि टेकड्यांची निळसर रेघ. अशी जागा पुण्याजवळ असती तर तिथे महिनाभर टेबल मिळालं नसतं.

लॉनवर नामदेव मंडपवाला टेप घेऊन उभा होता. वैशूताईनं तिकडे एकदा बघितलं आणि पांढऱ्या कोटाच्या बाह्या वर केल्या.

अकरानंतर माणसं आली. अंबाजोगाईचे डॉक्टर, त्यांच्या बायका, मुलं. मग जीप भरभरून मामांची माणसं. रशीदचाचा, चाची आणि त्यांची सून. कौसाकाकू इरकल नेसून, मोठी कापडी पिशवी छातीशी धरून. सगळे खुर्च्यांवर बसले. वाळ्याचं पाणी प्याले. गार हवेचं कौतुक झालं.

आणि कुणी उठेना.

ताटल्यांची चळत जशीच्या तशी. वॅफलवरची वाफ जिरली. एक डॉक्टरबाई अर्धवट उठल्या, आजूबाजूची म्हातारी माणसं बसलेली बघितली आणि पुन्हा बसल्या. मामा फाटकाशी उभे राहून शेवटच्या पाहुण्यांना हात जोडत होते. लॉनवर टेप ओढल्याचा आवाज मला काचेतून ऐकू येतोय असं वाटायला लागलं.

वैशूताईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचा चेहरा उतरला होता.

"बघूनच नको वाटलं असेल का गं त्यांना?"

"तू बाहेर येऊन सांग ना, जेवून घ्या म्हणून."

"ब्रंचला असं कुणी सांगतं का? ज्याला जे हवं ते त्यानं उठून घ्यायचं. तीच तर मजा असते. आणि माझी अंडी तव्यावर आहेत."

मी फाटकाशी गेले. मामा म्हणाले, "तिचं हॉटेल हाय. मी आत येऊन कशाला बोलू? पुन्हा म्हणंल, बाबा मधी मधी करतेत."

परत आत येताना कौसाकाकूंच्या टेबलाजवळून गेले. त्या चाचींना सांगत होत्या, "बोलावलं मोठ्या थाटानं. पण उठा म्हणायलंय कोण?"

तेव्हा मला सगळं दिसलं. मामांनी यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं आणि वैशूताई गिऱ्हाइकांची वाट बघत होती. गावाकडच्या लग्नांतही आता बुफे असतात. पण तिथे घरचं कुणी तरी येतं, मनगटाला धरतं, चला जेवून घ्या म्हणतं. त्याशिवाय आपण होऊन ताटलीला हात लावणं म्हणजे हावरटपणा. इथे मनगट धरायला कुणीच नव्हतं. बापाला वाटत होतं ते लेकीचं काम, लेकीला वाटत होतं ते कुणाचंच काम नाही.

घरचं माणूस म्हणून तिथे रिकामी उरले होते मी.

अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत मी सहसा भिंतीला धरून असते. त्या दिवशी भिंत सोडून मधोमध चालत गेले. कौसाकाकूंसमोर उभी राहिले.

"काकू, उठा. जेवून घ्या."

आवाज इतका बारीक निघाला की मलाच नीट ऐकू आला नाही. काकूंना मात्र आला.

"आमी न्याहारी करून आलोय गं."

"थोडं तरी घ्या."

"नगं बाई, पोट जड हाय."

मी त्यांचे हात बघितले. दोन्ही हात मांडीवर, पिशवीच्या खाली. आडवा एकही नव्हता. मी वाकून त्यांचं मनगट धरलं. मला वाटलं होतं ओढावं लागेल. पण त्या अशा झटकन उठल्या की मीच मागे सरकले.

"चला गं चला!" काकूंनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं. "इंग्लिश मिडियमनं बोलावलंय! आता नगं म्हणलं तर इंग्लिशमधी बोलंल!"

खोली हसली आणि खुर्च्या सरकल्या. त्यानंतर मी थांबले नाही. टेबलाटेबलापाशी जाऊन तेच वाक्य म्हणत गेले आणि दर वेळी ते जरा मोठ्यानं निघालं. डॉक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं बाई, मुलं कधीची भुकेली आहेत." रशीदचाचा म्हणाले, "सीताफळं माझीच, मीच काय खाऊ?" मी त्यांच्या हातात ताटली दिली, तसे म्हणाले, "माझीच हायत म्हणून खाऊन बघतो, बिघडवली तर न्हाईत ना!"

कौसाकाकू येसरच्या कपांपाशी थबकल्या.

"येसर? कपात? चहा हाय का हा?"

वैशूताई काचेमागून बघत होती. तिच्या हातातलं उलथनं हवेतच राहिलं होतं. काकूंनी एक घोट घेतला. डोळे मिटले. खोलीतल्या गावाकडच्या सगळ्या बायका घास थांबवून त्यांच्याकडे बघत होत्या.

"मीठ बरोबर हाय," काकू म्हणाल्या. "अजून एक आण. न्हाई, दोन आण. ह्याच्यात येतंय किती!"

पुण्यातल्या कुठल्याही हॉटेलात वैशूताईला याहून मोठं प्रमाणपत्र मिळालेलं नाही. हे तिनंच मला नंतर सांगितलं. वॅफलला काकूंनी 'जाळीची भाकर' असं नाव दिलं आणि पाच मिनिटांत सगळी खोली, डॉक्टरांची मुलंसुद्धा, जाळीची भाकर मागायला लागली. ताटल्यांची चळत संपली. वैशूताईला दुसऱ्यांदा पीठ भिजवावं लागलं.

पण आमंत्रणाची दुसरी बाजू अजून यायची होती. जेवण झाल्यावर कौसाकाकूंनी ती कापडी पिशवी उघडली. आत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची डबी.

"वैशूला बोलवा."

वैशूताई बाहेर आली. पांढरा कोट, डोक्यावर टोपी, गालाला पीठ.

"काकू, हे हॉटेल आहे."

"मंग? तुझंच हाय ना? कार्य तुझं, ओटी तुझी. पदर धर."

कोटाला पदर कुठला? वैशूताईनं क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि मग कमरेचा एप्रन दोन्ही हातांनी पुढे पसरला. काकूंनी त्यात खण, नारळ घातला, वर तांदळाच्या ओंजळी. मागोमाग इतर बायका उठल्या. डॉक्टरबाईंकडे काहीच नव्हतं. त्यांनी काकूंच्या डबीतलं कुंकू घेतलं आणि वैशूताईला लावलं. एप्रन जड झाला आणि वैशूताई तो सोडून डोळे पुसू शकेना, म्हणून तिचे डोळे मी पुसले.

मला त्या वेळी जे वाटलं ते सांगणं अवघड आहे. मी बरीच हॉटेलं बघितली आहेत. मालकिणीची ओटी भरून गिऱ्हाईक घरी गेलेलं कुठेच बघितलेलं नाही. आणि ती मालकीण माझी बहीण होती.

जाताना रशीदचाचा म्हणाले, "पुढच्या रविवारी परभणीहून आमचे पाव्हणे येतेत. मोठं टेबल ठिव. त्या दिवशी आमी गिऱ्हाईक, बरं का. पाव्हणे न्हाई. आणि गिऱ्हाईक आपल्या आपण उठतंय." डॉक्टरमंडळींनीही पुढची टेबलं तिथल्या तिथे सांगून ठेवली. आजच्या मामांच्या पाहुण्यांच्या बिलाचं काय, यावर बाप-लेकीत बराच वेळ हसत हसत भांडण झालं. मी त्यात पडले नाही.

मामा सोडून सगळे जेवले होते. घरचा कर्ता शेवटी जेवतो, म्हणून ते अजून लॉनच्या कडेला उभे होते. शेजारी नामदेव मंडपवाला, एका हातात टेप, दुसऱ्या हातात ताटली. त्याला मी मघाशीच वाढलं होतं. मी मामांसाठी ताट भरून नेलं. धपाटे, भरीत, येसरचे दोन कप.

"नको पोरी. सगळ्यांचं होऊ दे."

"सगळ्यांचं झालं."

"मग वैशूबरोबर बसतो. आत्ता नको."

मी ताट पुढे केलं. मामांनी त्यावर आडवा हात धरला.

कौसाकाकूंच्या नियमाप्रमाणे मी तिथे थांबायला हवं होतं. पण तो हात भरल्या पोटाचा नव्हता. वैशूताईला दिलेला, काल जीपमध्ये मला सांगितलेला शब्द त्या हाताखाली होता आणि एकदा त्यांनीही घास खाल्ला की 'लोक जेवले' हे मान्य करून तो पाळावा लागणार होता. काचेच्या आतून वैशूताई बघत होती. एप्रन तिनं तसाच धरून ठेवला होता.

"मामा," मी म्हटलं, "हात काढा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. बहुधा मी त्यांना पहिल्यांदाच काही करायला सांगत होते. मग त्यांनी काचेकडे बघितलं. हात बाजूला झाला. त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला, भरिताला लावला, आणि उभ्या उभ्या, घाई न करता, खाल्ला. मग कप उचलला.

"नाम्या," येसर संपवून ते म्हणाले, "टेप गुंडाळ बे."

"गुंडाळतो की," नामदेव म्हणाला. "लग्नाला दुसरी जागा बघू. पण ती जाळीची भाकर अजून एक मिळंल का?"

"ऋतू, वाढ गं ह्याला."

मी आतून गरम वॅफल घेऊन आले. नामदेवनं स्वतः मागितलं होतं, तरी ताटलीत पडताना सवयीनं "नको, नको" म्हणालाच.

मी त्याच्या हाताकडे बघितलं आणि दोन वाढले.